टाचणी

हॅलिफॅक्सच्या दप्तरखान्यात पिशवी घेऊन गेले
तेव्हा मिसेस ॲक्रॉइडनं आधी हात धुवायला लावले.
पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली,
आणि अप्पांचे बार्शीचे कागद
एकेक करून पांढऱ्या फोमवर निजवले,
बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलत.

अप्पा गालिच्याच्या गिरणीत रात्रपाळीला.
कागद शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनींच्या खाली,
तेलाचा वास लागलेले.
आई म्हणायची, हात लावू नका, त्यात पासपोर्ट आहेत.
पासपोर्ट भलतीकडेच होते.

तिनं नोंदलं: लग्नपत्रिका, १९४९.
चारही कोपऱ्यांना पिवळे डाग, बहुधा ओलीचे.
मी म्हटलं, हळद.
तिनं खोडलं, आणि मला स्पेलिंग विचारलं.

मग म्हणाली, मृत्यूचं काहीच कसं नाही?
लग्नं आहेत, पाळणे आहेत, मॅट्रिकचा निकालसुद्धा आहे.
इतक्या वर्षांत तुमच्याकडं कुणी गेलंच नाही?

हिला कसं सांगावं,
की तसलं पत्र उंबऱ्याबाहेर वाचायचं,
वाचून फाडायचं, मग अंघोळ.
आज्जीचं अप्पांनी बर्फात उभं राहून फाडलं होतं,
मागच्या अंगणात, कोळशाच्या कोठीपाशी.
तुकडे टाकायला जागा सुचेना तसे
कोटाच्या खिशात घालून कामावर गेले.
म्हटलं, म्हणून या पिशवीत सगळे जिवंत आहेत.
ती हसली नाही. तेही लिहून घेतलं.

मग टाचण्या.
गंज कागद खातो, म्हणाली,
आणि चपट्या चिमट्यानं एकेक उपसली
पायातला काटा काढावा तशी.
चौतीस निघाल्या. मी मागून घेतल्या,
काडेपेटीत घातल्या.
कागद सुटे झाले, आपापल्या फोल्डरमध्ये गेले:
प्रवास. पैसे. पत्रं.

तिसऱ्या खेपेला दिसलं.
'प्रवास'मध्ये बोटीचं तिकीट,
बॅलार्ड पिअर ते टिलबरी, फेब्रुवारी एकसष्ट.
डाव्या कोपऱ्यात दोन भोकं, भोवती तांबूस डाग.
'पैसे'मध्ये गुलाबचंदांच्या पेढीची पावती.
गहाण ठेवणार: सुंद्राबाई.
पाटल्या जोड एक, साडेपाच तोळे.
सोडवल्याची तारीख: कोरी.
डाव्या कोपऱ्यात दोन भोकं. तोच डाग.
एकावर एक धरून खिडकीकडं केले,
भोकातून पलीकडचं आभाळ दिसलं.

सुंद्राआत्याला मी एकदाच पाहिलं, एकोणऐंशी साली.
कोपरापर्यंत पीठ, हातात नुसती काच.
आई म्हणाली, एवढं असून चिकटपणा बघा.
आम्ही बहिणी हसलो, इंग्रजीत,
म्हणजे तिला कळू नये म्हणून.
अप्पा समोरच जेवत होते.
भात कालवत राहिले, कालवलेलाच पुन्हा कालवत राहिले.
बोलायचं ते त्यांनी कधीच टाचून ठेवलं होतं.

हे दोन एकत्र हवेत, मी म्हटलं.
टाचणी नाही चालणार, म्हणाली,
पण जाड कागदाची एक घडी दिली. दोन्ही आत ठेवले.
वर लिहा म्हणाली, थोडक्यात.
मुलाला मराठी वाचता येत नाही,
म्हणून आधी इंग्रजीत: नाव, वजन, तारीख.
मग खाली, पाटीवर गिरवल्यासारखं,
यांची टाचणी एकच होती.

काडेपेटी घरीच आहे, गॅसशेजारी.
अधूनमधून उघडते.
चौतिसांतली ती कुठली, कळत नाही.